पिवळा चीक

"कडू लावलं होतं नं वं तू?" प्रयागबाईंनी दारातूनच सुनेला विचारलं.

गोपिकाने होकारार्थी मान हलवली. मांडीवर बेबी डोळे मिटून चुटूचुटू पीत होती आणि पिता पिता एका हाताने तिच्या गळ्यातल्या काळ्या पोतीशी खेळत होती. कडू लागलेलं पोर असं पीत नाही.

"मंग थुकून काहून नाही रायली ते?"

"काय मालूम," गोपिका म्हणाली.

तिला चांगलं माहीत होतं. अंगणातल्या फुटक्या रांजणात तिने वाढवलेली कोरफड, म्हणजे इकडचा गवारपाठा, हा साऱ्या गल्लीचा दवाखाना होता. हात भाजला, चला गोपिकाकडे. केस गळतात, चला गोपिकाकडे. लग्न ठरलेल्या पोरी चेहरा उजळायला तिच्याकडून गीर, म्हणजे पातीतला गर, मागून न्यायच्या आणि लग्नाचं बोलावणं मात्र विसरायच्या. गरज सरो, वैद्य मरो. पात कापली की गोपिका ती उभी टेकवून ठेवायची, पिवळा चीक निथळू द्यायची आणि मगच आतला गीर काढायची, कारण चिकाने अंगाला खाज सुटते. पण पोराचं अंगावरचं दूध तोडायचं असेल तर हवा असतो तो नेमका हाच चीक, विषासारखा कडू. तो कसा लावायचा हे गल्लीतल्या बायांना तिनेच शिकवलं होतं. आज सकाळी स्वतःसाठी पात कापली तेव्हा मात्र तिने सगळा चीक निथळू दिला, गीर वरून पाण्याने धुतला आणि तो छातीला लावला. हाताच्या सवयीने झालं, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. पटलं नाही.

बेबी तिची नव्हती. धाकट्या जावेची, प्रेमिलाची होती. बाळंतपणानंतर प्रेमिलाच्या खोकल्यातून रक्त पडू लागलं आणि तिला क्षयाच्या दवाखान्यात भरती केलं. त्याच सुमाराला गोपिकाचं बाळ जन्मलं आणि पाचवीच्या आतच गेलं. पान्हा होता, पिणारं नव्हतं. प्रयागबाईंनी तिला न विचारता नात उचलून तिच्या ओटीत ठेवली. तेव्हा गोपिकाला सासूचा भयंकर राग आला होता. तो राग पुढे कधी विरून गेला, ते तिचं तिलाही कळलं नाही.

आता प्रेमिला बरी होऊन परतली होती. तिच्या नवऱ्याला, रुपरावला, उमरेडच्या कोळसा खदानीत काम लागलं होतं, राहायला खोली मिळाली होती. दुपारच्या एस.टी.ने तिघं निघणार होती. पण बेबी आईच्या हाताला लागेल तेव्हा ना! प्रेमिलाने हात पुढे केला की ती गोपिकाचं लुगडं घट्ट धरायची.

प्रेमिला पेटीपाशी बसून हे पीत असलेलं पोर बघत होती. बघता बघता तिने भरलेल्या पेटीतून बेबीची झबली काढायला सुरुवात केली.

"राहू द्या बाई तिले तुमच्यापाशी," ती खाली बघूनच म्हणाली. "माह्याजवळ येतच नाही ते. कायले लेकराचा जीव तोडता?"

गोपिकाने नुसतं हो म्हणायचं, एवढंच काम होतं. कुणी तिला नावं ठेवली नसती. उलट जगाने म्हटलं असतं, केवढं मन! तिला इतका आनंद झाला की तिची तिलाच शरम वाटली. प्रेमिला झबल्यांची घडी घालत होती. दवाखान्याच्या खाटेवर बसून, पोर केवढं झालं असेल याचा अंदाज बांधून तिने ती शिवली होती. सगळीच लहान झाली होती.

गोपिका उठली. अंगणात गेली, नवी पात कापली आणि टेकवून न ठेवता तशीच पिळली. चीक दोन्हीकडे लावला. मग प्रेमिलाच्या अगदी पुढ्यात येऊन बसली आणि पोरीला जवळ घेतलं.

बेबीने तोंड लावलं, लगेच सोडलं. चेहरा वेडावाकडा झाला. तिने दुसरी बाजू धरली. तिथेही तेच. ती थुंकली, वर बघून ओरडली आणि रडत रडत गोपिकाच्याच गळ्यात शिरली. गोपिकाची तक्रार करायला तिच्याजवळ दुसरं होतं कोण? गोपिकाने मात्र हात उचलले नाहीत.

"घे वं तिले," ती म्हणाली. "गुळाचा खडा दे तोंडात."

"बाई..."

"घे म्हणतो नं!"

प्रेमिलाने तिला ओढून घेतलं. पोर हातपाय झाडत राहिलं, मग गूळ चोखू लागलं, मग हुंदके देत आईच्या खांद्यावर मान टाकून राहिलं. प्रेमिला हलतही नव्हती. हललं की जाईल, अशी बसली होती.

दुपारी गल्लीच्या तोंडाशी सायकलरिक्षा उभी राहिली. गोपिकाने साबण लावून अंग धुतलं होतं, छाती जुन्या लुगड्याच्या धडप्याने आवळून बांधली होती. ती पापा घ्यायला वाकली. बेबीने ओठ मिटले, आपल्या तोंडावर तळहात दाबला आणि आईच्या कुशीत शिरली.

"तिले समजत नाही हो बाई," प्रेमिला कसनुशी होऊन म्हणाली.

"समजते. चाला आता, गाडी निघून जाईन."

रिक्षा वळणावर गेली आणि तिकडून बेबीचं रडणं ऐकू आलं. भुकेचं रडणं. गोपिका जागची हलली नाही, पण धडपा बांधूनही तिचं पोलकं समोरून भिजत गेलं. प्रयागबाईंनी जवळ येऊन तिचा पदर पुढे ओढून दिला.