तिसरं कार्ड

तिसरीचा इंग्रजीचा तास त्या दिवशी पटांगणात होता. बाईंनी आदल्या दिवशी घरी बसून पुठ्ठ्याची कार्डं कापली होती. प्रत्येक जोडीला चार: गो स्ट्रेट, टर्न लेफ्ट, क्रॉस द रोड, स्टॉप. जमिनीवर खडूने रस्ते आखले होते. एकाने वाचायचं, दुसऱ्याने चालायचं. भाषा तोंडात यायच्या आधी पायांत आली पाहिजे, असं बाईंचं म्हणणं.

मुलं रंगली. अडली फक्त गोगलगाय. हे नाव वर्गानेच ठेवलेलं. पोरगी हुशार, पण दर शब्दाला थांबायची, वळून बाईंकडे बघायची आणि बाईंनी मान हलवली की मगच पाऊल टाकायची. तिसऱ्यांदा ती थांबली तशा बाई वैतागल्या.

"अगं, माझ्या तोंडाकडे काय बघतेस? कार्डाकडे बघ. शेवटचं कार्ड येईपर्यंत थांबायचं नाही. कळलं?"

तिने मान डोलावली आणि जोडीदारणीच्या हातातली चारही कार्डं स्वतःकडे घेतली.

तेवढ्यात मोठ्या बाईंची, म्हणजे मुख्याध्यापिकांची हाक आली. कसल्याशा पत्रकावर सही हवी होती. बाई आत गेल्या, सही केली, परत आल्या. पाच मिनिटंही झाली नसतील. नवे बाक घेऊन आलेला टेम्पो फाटकातून मागे-मागे आत येत होता आणि वॉचमन त्याला हात दाखवत होता.

बाईंनी सवयीने डोकी मोजली. सदतीस. पुन्हा मोजली. सदतीसच. पट अडतीसचा होता.

"गोगलगाय कुठंय?"

जोडीदारीण रडायच्या बेतात होती. "बाई, ती सरळ गेली. फाटक उघडं होतं. मी म्हटलं, बाहेर जाऊ नको. तर म्हणाली, बाईंनी थांबायचं नाही सांगितलंय."

मोठ्या बाई धावत बाहेर आल्या. "आधी संडासात बघा, गच्चीवर बघा. लगेच बोभाटा नको."

"तिच्या आईला फोन करा."

"अहो, सापडेल इथंच! उगाच त्या माउलीचा जीव—"

"मोठ्या बाई, आधी फोन करा. मी जाते." आणि आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्या बाईंचं उत्तर न ऐकता त्या निघाल्या.

शाळेची गल्ली सरळ जाऊन एका भिंतीला अडत होती. तिथून डावीकडे बेकरी, शिंप्याचं दुकान, शांत रस्ता. उजवीकडे शंभर पावलांवर हमरस्ता. टर्न लेफ्ट. बाई डावीकडे वळल्या.

"दोन वेण्या, निळा फ्रॉक, हातात कार्डं! बघितलीत का?"

बेकरीवाल्याने नकारार्थी मान हलवली. शिंप्याने मशीन थांबवलं. "इकडून कुणी पोर गेलं नाही, बाई. मी सकाळपासून दारातच आहे."

मग गेली कुठे? बाई रस्त्यात उभ्या राहिल्या. आपणच शिकवलेला धडा त्या मनात आठवू लागल्या. लेफ्ट-राइट कसं शिकवलं होतं? फळ्यासमोर उभं राहून, हात वर करून: ज्या हाताने लिहितो तो राइट, उरलेला लेफ्ट. सगळ्या वर्गाने हात वर केले होते.

गोगलगाय डाव्या हाताने लिहायची.

त्या पोरीचा लेफ्ट म्हणजे उजवीकडे. आणि पुढचं कार्ड, तिसरं, क्रॉस द रोड.

त्या पळाल्या. चप्पल तुटली, ती तिथेच टाकली. गल्लीच्या तोंडाशी खडीच्या डंपरचा धुरळा उठला होता. धुरळा बसला तेव्हा निळा फ्रॉक दिसला. अर्धा रस्ता ओलांडून ती मधल्या दुभाजकावर पोहोचली होती. कार्ड छातीशी धरलेलं, एक पाय खाली टाकायला उचललेला. पलीकडून बस येत होती.

हाक मारावी तर ती वळून बाईंकडेच धावत सुटेल, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. बेंबीच्या देठापासून त्या ओरडल्या, "स्टॉप!"

पाय जागच्या जागी थांबला. बस वाऱ्यासारखी गेली, वेण्या उडाल्या.

बाईंनी दोन्ही हात वर करून गाड्या थांबवल्या. कुणी शिव्या घातल्या, कुणी हॉर्न दाबून धरला. दुभाजकावर चढून त्यांनी तिचं मनगट पकडलं, इतकं घट्ट की तिने तोंड वाकडं केलं.

"बाई," ती हळूच म्हणाली, "स्टॉप चौथं आहे. माझं तिसरं अजून अर्धंच झालंय."

बाईंना हसू आलं नाही, रडूही आलं नाही. मनगट मात्र त्यांनी शाळा येईपर्यंत सोडलं नाही.

शाळेत परतल्या तेव्हा मुलीची आई येऊन उभी होती. लॉन्ड्रीत इस्त्रीच्या टेबलावरून ती तशीच धावत आली होती. तिने मुलीला उचललं, चाचपलं, मग बाईंकडे वळली.

"ओरडायचंय मला तुमच्यावर," ती शेवटी म्हणाली. "आवाजच निघत नाहीये."

"चूक माझी आहे, ताई. थांबू नको असं मीच सांगितलं होतं. आणि लेफ्ट-राइटसुद्धा मीच चुकीचं शिकवलं."

संध्याकाळी मोठ्या बाईंनी कागद पुढे सरकवला. "लिहून टाका, मुलगी परवानगी न घेता बाहेर गेली. वॉचमनवरही ठपका ठेवता येईल. तुमच्या नोकरीला डाग कशाला?"

बाईंनी घडलं ते सगळं लिहिलं, स्वतःचं वाक्यसुद्धा जसंच्या तसं. त्यांना लेखी ताकीद मिळाली. पटांगणातले तास बंद झाले.

मुलगी चार दिवस आली नाही. त्या चार दिवसांत बाईंनी लेफ्ट-राइट नव्याने शिकवलं. प्रत्येकाच्या उजव्या मनगटाला लाल दोरा बांधला, लिहिणारा हात कुठलाही असो.

पाचव्या दिवशी आई तिला घेऊन आली, पण फाटकातून हलली नाही. वॉचमन विचारायला गेला तर म्हणाली, "आज रजा टाकलीय. मी इथंच थांबणार."

बाईंनी मुलीच्या मनगटाला दोरा बांधला, वर्गाचं दार उघडंच ठेवलं आणि एक खुर्ची उचलून फाटकाशी नेऊन ठेवली. आई खुर्चीकडे न बघता उभीच राहिली.

मधल्या सुट्टीच्या थोडं आधी बाईंनी दारातून पाहिलं. आई खुर्चीत बसली होती.