सापाला सावली दिलेली छत्री

मी एक जुनी, काळी, घडीची छत्री आहे. माझी एक काडी वाकली आहे आणि कापड विरले आहे. मित्रांनो, मला पावसासाठी बनवले होते, पण माझे आयुष्य उन्हात गेले.

माझे मालक मोरेश्वरकाका ओहायोतल्या डब्लिनला राहतात. निवृत्त झाल्यावर त्यांना वाळवंटातल्या सापांचे वेड लागले. दर वसंतात ते अ‍ॅरिझोनाला जातात आणि एकटेच वाळूत हिंडतात. साप पकडायचा नाही, मारायचा नाही, नुसता पाहायचा. वाळूवर आडवा सरकत जाणारा विषारी साईडवाइंडर मात्र त्यांना कधी दिसला नव्हता.

एका सकाळी तिथल्या मोटेलच्या दारात त्यांच्या पत्नी वीणाकाकूंनी मला पाहिले.

"वाळवंटात छत्री? लोक हसतील हो."

"हसू देत. टक्कल माझं तापतं, लोकांचं नाही."

"दुपारपर्यंत आला नाहीत तर मी रेंजरला फोन करीन. मग तोही हसेल."

ऊन चढताना काकांना वाळूवर तिरक्या, सुट्या रेघा दिसल्या. तो सापाचा माग होता. ओझे नको म्हणून त्यांनी पाठीवरची बॅग तिथेच ठेवली. सगळे पाणी तिच्यात होते. मला डोक्यावर धरून ते रेघांमागे गेले. पुढे खडक लागला आणि माग हरवला. काका परतले, तर साप त्यांच्याच बॅगच्या सावलीत वेटोळे घालून बसला होता.

"मी तिकडे शोधतोय आणि तुम्ही इथे," काका पुटपुटले.

ते जरा पुढे सरकले. शेपटीचा खुळखुळा वाजला. गाडी लांब होती आणि घसा कोरडा पडला होता. काका थांबून राहिले, पण साप हलेना. शेवटी त्यांनी एक दगड उचलला. मग दगड त्यांनी हळूच खाली ठेवला.

"घर तुझं आहे बाबा. पाहुणा मी."

त्यांनी मला बॅगपासून थोड्या अंतरावर उघडीच वाळूवर टेकवले, उडू नये म्हणून दांड्यापाशी दगड रचले आणि ते स्वतः भर उन्हात मागे जाऊन उभे राहिले. बॅगची सावली आक्रसत गेली. काका डुलू लागले, मग गुडघ्यांवर बसले. हे आता पडणार, असे मला वाटले. तेव्हा कुठे साप उठला आणि आडवा सरकत माझ्याखाली आला. त्याच्या डोळ्यांवर शिंगांसारखे खवले होते.

काकांनी वळसा घालून बॅग ओढून घेतली आणि ते पाणी प्यायले. मला मात्र त्यांनी उचलले नाही. सापाला पुन्हा उन्हात काढणे त्यांच्याने झाले नाही. डोक्याला ओला रुमाल बांधून ते निघून गेले. रात्री वाऱ्याने माझी काडी वाकवली.

दुसऱ्या सकाळी ते काकूंना घेऊन आले. साप गेला होता.

"एका छत्रीसाठी एवढी पायपीट?" काकू म्हणाल्या.

"तिला इथे टाकून कसं चालेल?"

आता मी गॅरेजमध्ये असते. इथे दारावर छत्री दुरुस्त करणारा येत नाही. त्यांचा मुलगा परीक्षित म्हणतो, "बाबा, नवीन ऑर्डर करतो, ही ट्रॅश करा ना." काका ऐकत नाहीत.

मित्रांनो, रानात जाल तेव्हा पाण्याची बॅग पाठीवरून उतरवू नका. आणि तुमच्या सावलीला कोणी येऊन बसले, तर त्याला हाकलण्याआधी थोडे थांबा. ऊन त्यालाही लागत असते.