लोकरीचा गुलाबी झगा

मित्रांनो, मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे. टेपमधल्या बारीक आवाजाला मोठा करून स्पीकरकडे पाठवायचं, हे माझं काम. आता देवळी गावात रूपरावांच्या घरी एका फळीवर खिळ्यांच्या डब्याशेजारी पडून असतो, पण एके काळी माझा भारी थाट होता.

दोन हजार तीन साली रूपरावांनी मला आपल्या प्रवासी जीपमध्ये, मागच्या सीटखाली बसवलं. देवळी ते नाचणगाव सवाऱ्या माझ्या गाण्यांवर माना डोलवत. रूपरावांच्या पत्नी तानाबाई तर माझ्यावर फारच खूश होत्या. घरातल्या टीव्हीला, मिक्सरला त्यांनी झगे विणले होते. मला धूळ लागू नये म्हणून मलाही एक विणला. लोकरीचा, गुलाबी, दुहेरी, खाली झालर.

तिथून माझे हाल सुरू झाले. काम करताना माझं अंग तापतं आणि फार तापलं की मी लाल दिवा लावून गप्प बसतो. जळून जाण्यापेक्षा ते बरं. त्यात आमच्याकडचा मे महिना आणि अंगात लोकर! तीन गाणी झाली की मी बंद.

रूपराव माझा झगा काढून मला हेमराज मिस्त्रीच्या दुकानात नेत. तिथे मी उघड्या अंगानं तासभर खणखणीत वाजे. हेमराजनं फ्यूज बदलला, वायरी बदलल्या, बॅटरीवर संशय घेतला.

“तुह्या दुकानात वाजते, माह्या गाडीत काऊन नाई वाजत?” रूपराव विचारत. हेमराज डोकं खाजवी. सगळ्यांचा आवाज मोठा करणारा मी, पण मला स्वतःला कुठे बोलता येत होतं?

अशात रूपरावांच्या मुलाचं, प्रफुलचं लग्न ठरलं. वरातीत बंद पडला तर दुसऱ्या दिवशी भंगारात देईन, असं रूपरावांनी माझ्यासमोरच जाहीर केलं.

लग्नासाठी तानाबाईंनी झगा धुतला. जाड लोकर, वरात निघेपर्यंत वाळलीच नाही. मी झग्याविना, उघड्या अंगानंच गेलो आणि अडीच तास वाजलो. नवरदेवाचे मामा नाचून थकले, मी नाही. शाल-नारळ मात्र हेमराजला मिळालं.

दुसऱ्या दिवशी तानाबाईंनी मला झगा घालून टेप लावला. तिसऱ्या गाण्याला मी बंद. त्यांनी झगा ओढून काढला, मला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. थोड्या वेळानं मी आपोआप गाऊ लागलो. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, झगा पदराआड लपवला आणि हळूच म्हणाल्या, “कोनाले सांगू नोको बाप्पा.”

मी सांगितलं नाही. मित्रांनो, ज्याला जपायचं, त्याला काय सोसतं ते आधी बघत जा, एवढंच माझं मागणं आहे.

आता मी वाजत नाही, त्यामुळे तापतही नाही. मागच्या हिवाळ्यात तानाबाईंनी तो झगा शोधून काढला आणि मला पुन्हा घातला. खरं सांगतो, छान ऊब लागते.