नावाचा उजवा, प्रकाशाचा उजवा

आर्लन हॉगन यांनी बटण हळूच फिरवलं, व्होल्टेज चढलं आणि पडद्यावरच्या एकुलत्या एक उंचवट्याची दोन शिखरं झाली. दोन रेणू, एकमेकांची आरशातली बिंबं. सगळं सारखं, फक्त डावं-उजवं उलट. त्यांची फारकत करायला काळ्या कार्बनची नळी लागली, विजेच्या जोरावर तिला चिकटवलेली मक्यापासूनची साखर लागली, आणि आर्लन यांची अर्धी हयात. साखरेची ददात नव्हती म्हणा, आयोवात मका काय कमी!

"बघितलंस, लोर्ना? नळीतून पहिला बाहेर आला तो उजवा. माझा हिशेब आहे."

खात्रीसाठी लोर्नाने, त्यांच्या विद्यार्थिनीने, 'उजवा' अशी चिठ्ठी असलेल्या बाटलीतला थेंब एकटाच नळीत सोडला. तो पडद्यावर दुसऱ्या शिखराच्या जागी आला.

आर्लन मटकन स्टुलावर बसले. "काल घरी जाताना रस्ता चुकलो गं. आर्डिसला बोललो नाही. बायकोच ती, घाबरेल. आता हिशेबही चुकायला लागला, तर प्रयोगशाळेच्या किल्ल्या आजच देऊन टाकतो."

या म्हाताऱ्यावर लोर्नाचा बापासारखा जीव होता. तिने 'उजवा' बाटली हुंगली. पुदिना! दुसरी हुंगली. शहाजिरं, आर्डिसच्या पावात असतं तसं. पुदिन्याचा रेणू नावाने, म्हणजे रचनेवरून नाव द्यायच्या नियमाने, उजवा, पण प्रकाश वळवतो डावीकडे. शहाजिऱ्याचं नेमकं उलट. या धंद्यातले भलेभले इथेच आपटतात. हिशेब प्रकाशाचा होता, चिठ्ठी नावाची. आणि चिठ्ठीवरचं थरथरतं अक्षर आर्लन यांचं होतं.

"हिशेब बरोबर आहे, सर. घोळ चिठ्ठीचा आहे. मीच लिहिली." तिचे कान लाल झाले.

"तू? अगं गाढवे! नावाचा उजवा वेगळा, प्रकाशाचा वेगळा, घसा कोरडा करून शिकवलं ना?" त्यांच्या तोंडावर रंग परतला. त्यांनी तिला मनसोक्त झापलं. मग चष्मा लावून बाटली फिरवून पाहिली.

"अक्षर मात्र हुबेहूब माझ्यासारखं काढतेस."

लोर्नाने मान खाली घातली.

"उद्यापासून चिठ्ठ्या तू लिही, मी वास घेईन," ते हळूच म्हणाले. "आणि आज घरापर्यंत सोबत ये. आर्डिसला सांगायचंय. एकट्याला नाही जमायचं."