भिमाजीच्या कोयत्यातली बाई

वाचनालयात मोठ्यानं बोललेलं मला खपत नाही. नगरच्या या वाचनालयात तीस वर्षं मी हेच सांगत आलेय आणि लोक तीस वर्षं मोठ्यानंच बोलतायत. पाथर्डीहून आलेला अजिनाथ मात्र इतकं हळू बोलत होता की शेवटी मीच ओरडले, "अहो, जरा घसा साफ करा की!"

त्याला आईचे शब्द हवे होते. तो जन्मला आणि ती गेली, उसाच्या फडावरच. फोटो नाही, काही नाही. पण टोळीतले म्हातारे वाल्मिकतात्या परवा त्याला म्हणाले, तेव्हा नगरच्या कॉलेजातल्या एक बाई फडावर यायच्या आणि तोडणीवरच्या बायकांचं बोलणं वहीत उतरवून घ्यायच्या. तुझ्या आईशीही बोलल्या होत्या.

"सापडलं तर काय बघायचंय त्यात?" मी विचारलं.

"चुलती म्हनायची, जन्मताच आईला गिळलंस. पंचेचाळीस वर्सं ऐकतोय, ताई. तिला मी हवा हुतो का, येवढंच बगायचंय."

मी कामाला लागले.

त्या बाईंच्या वह्या आमच्याकडेच आल्या होत्या, हे मला पक्कं ठाऊक होतं. कम्प्युटरवर त्याच्या आईचं नाव, 'रंगुबाई', टाकलं. काही नाही. मग कार्डांचा जुना खण ओढला आणि 'र' अख्खा चाळला. एकही रंगुबाई नाही. ऊसतोडीची बाकीची कार्डं काढली, तर त्यांत एकही बाईच नाही! सगळी पुरुषांची नावं, आणि अक्षर माझंच.

"अहो, हे काय लिहून ठेवलंय मी?"

"बराबर हाय की," अजिनाथ कार्डाकडे बघून म्हणाला. "नवरा-बायकू मिळून एक कोयता. मुकादम नाव नवऱ्याचंच घेतो. माझा बा भिमाजी."

वह्यांवर जे होतं तेच मी मुकाट्यानं उतरवलं होतं. स्वतः बाई असून! मनातल्या मनात स्वतःला दोन शिव्या हासडल्या आणि 'भ'चा खण उघडला. 'भिमाजीचा कोयता, पाथर्डी. मुलाखत. वही सातवी.'

वही आणून त्याच्यापुढे ठेवली. पानावर वरती लिहिलं होतं, 'सांगणारी: बायको.' अजिनाथनं ओळीखाली बोट धरलं आणि ओठातल्या ओठात वाचायला लागला.

"मोठ्यानं वाचा," मी म्हणाले.

त्यानं माझ्या डोक्यावरच्या 'शांतता राखा' पाटीकडे बघितलं.

"वाचा हो. पाटी मीच लावलीय."

"'सातवा महिना हाय,'" तो वाचू लागला. "'तोडायला वाकलं की लाथा मारतंय. मारू दे. दिसभर मी त्याच्याशीच बोलते. माझं ऐकनारं दुसरं हाय कोन?'"

पेपर वाचणारे सगळे मान वर करून आमच्याकडे बघत होते. बघू देत.

"ताई," तो म्हणाला, "म्हंजी तिचा आवाज मी ऐकलाय."

आणि रडायला लागला, लहान पोरासारखा. मीसुद्धा रडले, उगाच खोटं कशाला सांगू. मग डोळे पुसले आणि कोरं कार्ड काढलं.

"आईचं नाव सांगा."

तो पुटपुटला.

"ऐकू नाही आलं. मोठ्यानं!"

"रंगुबाई," तो म्हणाला, सगळ्या वाचनालयाला ऐकू जाईल असं, आणि मी ते लिहिलं.