केळीचा खांब आणि भरमाची बोटं

भारतवर्षात धनुर्विद्या जिवंत राहिली ती गुंजी गावाच्या पलीकडल्या एका वाडीमुळं, आणि ही गोष्ट भारतवर्षाला ठाऊक नसेल तर त्यात वाडीचा दोष नाही. वाडीत धनुष्य एकच होतं. ते वर्षातून एकदा, दसऱ्याला, आढ्यावरून खाली निघे, आणि गेली दोन वर्षं त्यातून सुटलेला बाण केळीचा खांब तेवढा सोडून बाकी कुठंही गेला होता.

रीत अशी. दसऱ्याची उन्हं कलली की शिवेवरच्या माळावर केळीचा खांब रोवायचा, शेजारी आपट्याची फांदी. मानकऱ्यानं खांबात बाण मारायचा, गावानं त्याच्या मागं उभं राहायचं, आणि बाण रुतला की पळत जाऊन सोनं लुटायचं. मान भरमाच्या घरचा. त्याचा बाप ज्योतिबा जन्मभर एका बाणात खांब भेदत आला. हात थरथरायला लागले तेव्हा त्यानं धनुष्य लेकाच्या हवाली केलं.

भरमाचा नेम वाईट नव्हता. घरामागच्या परड्यातल्या भाताच्या पिंजाराच्या गंजीत तो डोळे झाकून बाण मारी. पण समोर खांब आला, बाणाचं टोक खांबाकडं सरकलं, की बोटं त्याला न विचारता उघडायची. पहिल्या वर्षी बाण करवंदीच्या जाळीत गेला. दुसऱ्या वर्षी पोलीस पाटलाच्या छत्रीतून गेला. पाटील इंग्रज सरकारचा माणूस म्हणून बाजूला पुढं उभा राही. त्यानंतर सरकारही गावाबरोबर मागं उभं राहू लागलं.

दृष्ट काढून झाली, देवीला कौल लावून झाला. मग धाकटा चुलतभाऊ सुबराव पंचांसमोर म्हणाला, "भरमाण्णा, वाईट वाटून घिऊ नगंस. यंदा बी चुकलं तर धनुष्य आमच्या घरात येऊ दे. खुंटी मारून ठेवलीया."

"एवढ्यातच?" भरमानं विचारलं.

"भिंत नवी हाय. वली हाय तवर खुंटी बसती."

त्या दिवशी ज्योतिबा जेवला नाही, आणि भरमाला ते शिवीपेक्षा जास्त लागलं.

भरमानं परड्यात दगडावर भोपळा ठेवला आणि त्याच्यावर बाण सोडायला लागला. भोपळा शाबूत राहिला. विहिरीवर पाणी ओढणारी त्याची बायको मालुबाई बराच वेळ बघत होती.

"बाण सोडायलाच पायजे असं कुणी सांगितलंय तुमास्नी?"

"मग काय करू?"

"घागर नीट भरली न्हाय तर मी वढत न्हाय. दोर सैल सोडते, परत बुडीवते. हीर काय रागावत न्हाय."

भरमानं तसं करून बघितलं. टोक भोपळ्यावर आणायचं, थांबायचं, आणि बाण न सोडता दोरी हळूच परत न्यायची. बोटं आधी वळवळली, पुढं पुढं ऐकू लागली. बांधावरनं जाणारी माणसं गावात सांगत सुटली, की भरमा आता मारीत न्हाय, नुसता भोपळ्याला भ्या घालतोय.

थांबणं जमलं, सोडणं अजून राहिलंच होतं. 'आता सोड' असं मनाशी म्हटलं की बोटं हिसका देत आणि बाण डावीकडं पळे.

एके दुपारी मालुबाई गवताला गेली आणि तान्ह्या लेकीला निजवायचं काम भरमावर आलं. पोरीचं डोकं त्याच्या बोटांवर. 'आता काढावा' असं ठरवून हात काढला की पोर जागी, आणि तिच्या आवाजानं आळी जागी. शेवटी कंटाळून तो ठरवायचंच विसरला. आढ्याकडं बघत खांदा तेवढा हळूहळू मागं जात राहिला. मग खाली बघतो तर हात मांडीवर, आणि पोर गाढ. हात कधी निघाला हे दोघांपैकी कुणालाच कळलं नव्हतं.

भरमा उठून थेट परड्यात गेला. दोरीची ओढ पाठीवर घेतली, खांदा मागं जाऊ दिला, बोटांना काही सांगितलंच नाही. बाण भोपळ्यातून आरपार गेला.

मालुबाईनं गवताचा भारा टाकला आणि भोपळा हातात फिरवून बघितला. "चिरून पायजे हुता. भोक पाडून न्हवं."

दसऱ्याला माळावर गाव लोटलं. हलगी कडाडत होती. भरमानं दोरी ओढली, टोक खांबावर आलं, आणि बोटं शिवशिवायला लागली. त्यानं हळूच धनुष्य खाली घेतलं. तोवर निम्मं गाव पळत सुटलं होतं. खांबात बाण नाही हे बघून सगळे परत फिरले. सुबरावनं तोडलेली पानं गुपचूप फांदीत खोचून ठेवली.

भरमानं पुन्हा ओढली. अजून बरं वाटेना, पुन्हा खाली घेतली. गाव पुन्हा पळालं, पुन्हा शिव्या देत मागं आलं. अख्ख्या गावासमोर बाण न सोडणं हे भरमाला कालपर्यंत कुणी मारलं असतं तरी जमलं नसतं.

"गप हुबं ऱ्हावा की," ज्योतिबा म्हणाला. "त्याचं त्येला कळतंय."

तिसऱ्यांदा कुणी हललं नाही. हलगीही थांबली. टोक खांबावर आलं, तिथंच राहिलं, खांदा मागं जात राहिला. बाण कधी गेला हे भरमाला कळलं नाही. 'खच्च' असा ओला आवाज आला तेव्हा त्याचा हात कानाच्या मागं होता. बाण पिसापर्यंत खांबात शिरला होता.

गाव तरीही जागचं हललं नाही. दोनदा फसलेलं गाव ते. शेवटी भरमालाच वळून सांगावं लागलं, "जावा की आता."

गाव खांबाकडं पळालं तसा ज्योतिबा पुढं आला. त्यानं धनुष्य हातात घेतलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं, आणि पंचांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "सूनबाई, आढ्यावरची जागा झाडून घे. ह्ये आपल्याच घरात ऱ्हातंय."

भरमाची छाती सदऱ्यात मावेना. तेवढ्यात सोनं लुटून गाव परतलं, आणि आपट्याची पानं घेऊन सुबराव पुढं आला. लोकांनी वाट करून दिली. त्यानं सोनं भरमाच्या हातात ठेवलं आणि पंचांदेखत, पाटलादेखत, भरमाच्या पायांशी वाकला. भरमानं आशीर्वादाला हात उचलला.

"भरमाण्णा," सुबराव वाकूनच हळूच म्हणाला, "वाईच पाय उचल की. पळताना माझं पायताण हितं ऱ्हायलं, तू त्येच्यावर हुबा हायस."