निडीच्या वळणावरचे दोन हॉर्न

मुंबईत मी अकरा वर्षं टॅक्सी चालवली आणि त्या अकरा वर्षांत कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही. खरचटणार कसं? गाडी चालते कुठे तिथे! अंधेरीत पहिला गिअर, कुर्ल्यात पहिला गिअर आणि मागच्याच्या शिव्या फुकट. शेवटी वैतागून रोह्याला परत आलो, जुनी इको घेतली आणि पेण-रोहा माणसं न्यायला लागलो. बायको चिडवायची, "तुमचं लग्न माझ्याशी झालंय का या रस्त्याशी?" खोटं कशाला बोलू, जीव जडला होता. एक हात स्टिअरिंगवर, दुसरा समोरून येणाऱ्या गाडीवाल्यांना हात करायला मोकळा. रस्ता म्हणजे आपलं अंगणच. पण माणूस बेसावध असतो तो अंगणातच.

निडीच्या वळणापलीकडे एका झाडाखाली सीताबाई बसलेली असायची. सत्तरीची म्हातारी, टोपलीत शिराळी आणि काकड्या, रोज सकाळी रोह्याच्या बाजाराला निघालेली. आमचं ठरलेलं होतं. गाडीत जागा असली की वळणाअलीकडून मी दोन छोटे हॉर्न मारायचे, म्हणजे थांबतोय. गाडी भरलेली असली की हॉर्न नाही, मग ती झाडाखालून हलायची नाही. दोन हॉर्न ऐकले की टोपली डोक्यावर घेऊन ती थेट रस्त्यात उतरायची. गाडीकडे बघायची तिला गरजच वाटत नसे. सुशील थांबणार म्हणजे थांबणार, हा तिचा माझ्यावरचा भरवसा.

गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी मी हमरापूरहून रोह्याचं एक कुटुंब घेऊन निघालो. मूर्ती मांडीवर, तिच्या तोंडावर रुमाल. कुटुंबातले काका म्हणाले, "आता घर येईपर्यंत गाडी थांबवायची नाय हां." गाडी गच्च भरलेली होती. वळण आलं आणि सवयीने माझ्या हाताने दोन हॉर्न मारले. थांबायचं नव्हतंच, म्हणून वेगही कमी केला नाही.

मूर्तीला काही झालं नाही. सीताबाई जागच्या जागी गेली.

मुंबईत लोकांनी मला तुडवलं असतं. इथे मला सावलीत बसवून पाणी पाजलं. सीताबाईचा मुलगा दत्तात्रेय शेतातून धावत आला. पोलिसांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आईला दिसत नव्हतं, सायेब. गाडी दिसलीच नसंल तिला." गाडीतल्यांना त्या दोन हॉर्नचा अर्थ ठाऊक नव्हता. मला होता. मी मान खाली घातली आणि गप्प राहिलो. प्रकरण मिटलं.

मिटलं कसलं! पंधराव्या दिवशी त्या वळणावर हॉर्न वाजला. माझ्या गाडीचा, आणि माझा हात हॉर्नजवळही नव्हता. समोर सीताबाई टोपली घेऊन रस्त्यात उतरली आणि नीट माझ्याकडे बघत राहिली. मी करकचून ब्रेक दाबला. मागची माणसं एकमेकांवर पडली. रस्ता रिकामा होता. गॅरेजवाल्याला सांगून मी हॉर्नची वायर काढून टाकली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वाजला, दोनदा. मी रोज तिथे थांबायला लागलो. भर उजेडात, माणसांनी भरलेली गाडी उभी करून मी त्या झाडाकडे बघत बसायचो. पॅसेंजर मुकाट हात जोडायचे. त्यांना वाटायचं, केवढा हळवा माणूस!

परवा तिथे थांबलो तर झाडाखालून दत्तात्रेय उठून आला. गाडीत दुसरं कुणी नव्हतं. तो माझ्या शेजारी बसला. मी गाडी सुरू करणार तोच तो म्हणाला, "हॉर्न वाजवत नाय तू हल्ली."

मी चावीवरचा हात काढला. वर्षभर दातांखाली धरलेलं सगळं मी एका दमात ओकलो. "दादा, त्या दिवशी मी हॉर्न मारला होता. दोन. थांबायचं नव्हतं तरी मारला. तुझी आय माझ्या हॉर्नवर उतरली."

"म्हायती हाय मला. शेतात होतो ना मी. आयकले."

"मग पोलिसांना..."

"तुझी पोरं बारकी. आय गेली ती गेली, तुला आत टाकून काय परत येनार होती?" त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "पन ती मला झोपू देत नाय रं. रोज येते. तुझ्यावर राग नाय तिचा. माझ्यावर हाय. म्हनते, दत्ता, मला चांगलं दिसत होतं. सुईत दोरा मी ओवायची. माझ्या पोटच्या पोरानं मला आंधळी केली."

सगळं गाव आता तिला आंधळी म्हातारीच म्हणत होतं. एवढ्या भरवशाने रस्त्यात उतरलेली बाई, आणि चूक तिच्या नावावर.

"मी सांगून कुनाला पटनार नाय," दत्तात्रेय म्हणाला. "तू सांग."

मग पोलीस येतील, केस पुन्हा उघडेल, कदाचित लायसन्स जाईल आणि हा रस्ताही. सगळं मला कळत होतं. मी गाडी वळवली आणि निडीच्या देवळापाशी उभी केली. पारावर सात-आठ माणसं बसली होती.

"ये सुशील, बस," म्हणत एकाने सरकून जागा केली.

मी उभाच राहिलो. म्हणालो, "सीताबाईला दिसत होतं."